डावीकडे वळलेली मान

"नाक जरा मोठंच झालंय, नाही?" खजिनदारीण अध्यक्षबाईंच्या कानाशी पुटपुटली. "आणि हनुवटी तर चक्क माझ्या सासूबाईंची वाटते."

"हळू बोल. तिला ऐकू जाईल."

शिल्पकार मुलीला ऐकू गेलंच होतं. पण अशा सूचना ऐकून ऐकून ती आता निबर झाली होती. तिने ओलं फडकं पिळलं आणि मातीच्या पुतळ्याच्या खांद्यांवर पसरलं. उद्या साचा घ्यायचा होता. मग मातीचं काम संपलं. जे उरेल ते धातूचं, बागेत, कायमचं.

आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मंडळात सगळ्याच त्यांना आत्या म्हणत. हे महिला मंडळ ज्यांनी काढलं त्या बाई म्हणजे आत्यांची वहिनी, सख्ख्या भावाची बायको. बाकीच्यांनी बाईंना सभेत पाहिलेलं, आत्यांनी स्वयंपाकघरात. म्हणून प्रत्येक सूचनेनंतर सगळ्या आत्यांकडे बघत, आणि आत्या "चांगलंय की" म्हणत. नाक खरंच चांगलं होतं. हनुवटीही. तरी मातीतून बघत होती ती भलतीच कुणी तरी. पासपोर्टच्या फोटोत बघतात तशी, सरळ समोर.

"मान!" अध्यक्षबाई एकदम म्हणाल्या. "चुकतंय ते मानेत! बाई कुठं अशा सरळ बघायच्या? कुणी गाऱ्हाणं घेऊन समोर बसली, की अशी मान वळवायच्या."

त्यांनी वळवून दाखवली. डावीकडे, किंचित वर. खजिनदारणीने वळवली. मग सगळ्यांनीच. ती मंडळाची रीतच होती. बाईंच्या मागून जितक्या अध्यक्ष झाल्या, तितक्या सगळ्या असंच ऐकत आल्या. नव्या मुलींना आधी हे शिकवलं जाई, हिशेब मागून. त्यापायी दोघींना मानेचा पट्टा लागला, पण रीत मोडली नाही.

"वळवते. माती ओली आहे अजून," शिल्पकार म्हणाली. "पण का वळवायच्या ते सांगा. त्यावर डोळे ठरतात."

"नम्रपणा हो, दुसरं काय!"

"नम्रपणाने मान खाली जाते. बाजूला नाही जात."

पहिल्या दिवसापासून मंडळात असलेल्या दोघी तिथे होत्या. एक पर्समध्ये चष्मा शोधू लागली. तो तिच्या नाकावरच होता. दुसरीला खिडकीबाहेरच्या स्कूटरी फारच बघण्यासारख्या वाटल्या.

पुतळ्याखाली बसवायची पाटी भिंतीला टेकून उभी होती. बाईंचं नाव, आणि त्याखाली 'पतीच्या प्रोत्साहनाने ही संस्था स्थापन केली.' मजकूर भाच्याने दिला होता, बाईंच्या मुलाने. रविवारी पडदाही तोच ओढणार होता. त्याने वाचून दाखवला तेव्हासुद्धा आत्या "चांगलंय की" म्हणाल्या होत्या. भाऊ गेला, गेलेल्याचं कशाला उकरायचं? भाचा अजून न चुकता भेटायला येतो, येताना संत्री आणतो, आणि "आत्या, तुझं हसणं अगदी बाबांसारखं" म्हणतो. त्याला काय तोंड दाखवायचं? शिवाय वहिनी स्वतः कधी एका शब्दाने बोलली नाही. मग आपण कोण?

शिल्पकाराने गळ्यापाशी तार घालून माती कापली. डोकं दोन्ही हातांत धरून हळूच डावीकडे फिरवलं, अंगठ्याने सांधा बुजवला.

आणि वहिनी आली. आत्या काही सांगायला दारात उभ्या राहिल्या, की पोळपाटावरचा हात थांबवून उजवा कान पुढे करायची, तश्शी. आत्यांच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं.

"आता डोळे," शिल्पकार म्हणाली. "नम्र करू?"

"हो, हो. नम्रच करा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नको."

आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. पुतळ्यापाशी गेल्या. मातीच्या डाव्या कानावर त्यांनी तळवा ठेवला, एखाद्या पोराचा दुखरा कान झाकावा तसा.

"ती नुसती ऐकत असायची गं. उजव्या कानानं. डाव्यानं तिला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही."

"आत्या, राहू द्या ना आता," चष्मा शोधणारी हळूच म्हणाली.

आत्यांनी हात काढला नाही. पाटीकडे बघत त्या म्हणाल्या, "माझ्या भावानं मारलं होतं. त्याचा हात उजवा, म्हणून वहिनीचा डावा कान गेला. त्याचं प्रोत्साहन ते एवढंच."