मधातलं औषध

हुमनाबादच्या सिद्ध पद्धतीच्या वैद्यांनी सुधारानीला दोन डब्या दिल्या होत्या. दम्याचं चूर्ण वेगळं, पाळीचं वेगळं. दोन्ही मधात कालवलीत असं सांगून तिचा नवरा श्रीशैल रोज सकाळी स्वतःच्या हातानं चाटवायचा, आणि ती माहेरी, खजुरी गावाला, आईला फोन करून त्याचं कौतुक सांगत सुटायची. पाळी वेळेवर यायला लागली, छातीतली घरघर मात्र हटेना. आज मध संपला म्हणून तिनंच फडताळ उघडलं, तर मागं दम्याची डबी. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"हे कामून दिलं न्हाई हो मला?" विचारता विचारता तिला धाप लागली.

"गरम पडतंय ते. आधी लेकरू होऊ दे." श्रीशैल तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला,



"तवर जरा दम धर."