घावनाचा ऑनलाइन क्लास
मेघनाचं घावन जमलं. पातळ, जाळीदार, बिडाच्या तव्यावरून अलगद सुटलं. ते घडलंच नाही अशा थाटात तिच्या सासूबाई, शेवंतीताई, लालबागच्या चाळीतल्या खिडकीतून समोरच्या टाकीकडे बघत राहिल्या. पाच वर्षं त्यांनी शिकवलं, रोज ओरडल्या, तरी सुनेच्या घावनाचा चुराच व्हायचा. आणि मिठाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाईलमधल्या बाईने तीन दिवसांत शिकवलं! “आई, मॅडम चिडत नाहीत. समजलं नाही तर थांबवायचं, मागे न्यायचं, परत बघायचं.” “माका खंय बटण आसा?” शेवंतीताई फणकारल्या. “आणि त्या बायेक करपल्याचो वास येता काय?” “नाही. पण करपलंच नाही.” क्लास संपला, अभिप्रायाचा फॉर्म आला. शेवंतीताईंनी मोबाईल ओढून चाळकमिटीला अर्ज करावा तसं लिहिलं: ‘सदर सुनेस शिकवलेले तातडीने विसरायला लावून तिला मूळ शिक्षिकेकडे परत पाठवावे, ही नम्र विनंती.’