बिनसाखरेचा चहा

कारखान्याच्या पहारेकऱ्याला उडवणारी गाडी मालकाचा मुलगाच चालवत होता, हे शिंपीणबाईने दुकानातून पाहिलं होतं आणि पोलिसांना तसा जबाबही दिला होता. तेव्हापासून धाकट्या भावाने टुमणं लावलं, "ताई, मेलेला माणूस परत येतो का? जबाब मागे घे." अखेर ती वैतागून त्याच्याबरोबर ठाण्यात गेली. "मी तर जन्मात पहिल्यांदाच ही पायरी चढतोय," तो म्हणाला. साहेबांनी लगेच खुर्ची दिली. मागच्या वेळी तिला ताटकळत उभं ठेवलं होतं. हवालदार चहा घेऊन आला आणि भावाला म्हणाला, "हा तुमचा, नेहमीसारखा बिनसाखरेचा." भावाने मान खाली घातली. साहेबांनी पुढे केलेलं पेन तिने परत सरकवलं. "जबाब आहे तसाच राहू द्या." "ताई, मालकांना आता मी काय तोंड दाखवू?" "आणि मी पहारेकऱ्याच्या बायकोला?"