वैमानिकाची चिठ्ठी

नागपूर ते मुंबई, विमानाने दीड तास. चार महिन्यांच्या बाळाला त्याचे बाबा आज पहिल्यांदा बघणार होते. सांताक्रूझ विमानतळावर येऊन उभे असतील.

वैमानिकाने लिहिलेली चिठ्ठी रीतीप्रमाणे हातोहात आमच्यापर्यंत आली. उंची, वेग आणि खाली ‘मुंबई वीस मिनिटे’. वाचून मी ती मागे दिली.

बाळाला पाजलं. तो झोपला, उठला, पुन्हा प्यायला. चिठ्ठी पुन्हा आली. शाई ओली होती. मुंबई वीस मिनिटे.

“काका, अजून वीसच?” शेजारी बसलेल्या देवरावकाकांना विचारलं. इतवारीत त्यांचं कापडाचं दुकान.

“घाबरून काहून राहिली वं पोरी? यष्टीनं कामठीले जायले याहून जास्त लागते!”

तेवढ्यात बाळ मला चावलं. बोटाने चाचपलं, तर दोन दात. झबलं काखेत रुतत होतं. बंद सोडले, त्याला उराशी घट्ट धरलं. उठायला गेले, तर खुर्चीचा पट्टा सुटेना.

“थांब रे राजा, एवढा मोठा नको होऊ. बाबांनी तुला पाहिलं नाही अजून.”

चिठ्ठी आली. माझ्याआधी त्यानेच ती घेतली आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचली, “आई, मुंबई वीस मिनिटे.”