लाल रेघ

बेलापूरच्या खाडीला भरती, त्यात पावसाने झोडपायला घेतलं, म्हणून शाळा लवकर सोडायचं ठरलं. जयमालाबाईंनी तिसरीची पोरं मोजली. एक कमी! वर्ग, जिना, संडास पालथे घालून बाई मैदानात धावल्या. कोपऱ्यात पाऊस मोजायला मुलांनी पट्टी चिकटवलेली बाटली मांडली होती. तिच्या तोंडावर दोन्ही तळवे घट्ट दाबून कार्तिकी निथळत उभी होती. “वेड लागलंय का गं? सगळं माप चुकवलंस!” बाईंनी तिचा दंड ओढला, पण तळवे सुटेनात. आतलं पाणी लाल रेघेच्या जेमतेम बोटभर खाली होतं. ती रेघ बाईंनीच मारली होती, वर्गाला समजावत: ‘पाणी इथवर चढलं की खाडीकाठच्या घरांत शिरतं.’ “बाई, मी चढू नाय दिलं,” कार्तिकी कुडकुडत म्हणाली. “आता तुमी हात ठेवा, मी घरी पळते. आमचं बाळ खालीच झोपतं.”