लांडग्याच्या जबड्यात
अंथरुणाला खिळल्यापासून जटलंडचा उमराव एस्के सगळ्यांवरच संशय घ्यायचा, बायकोवर जरा जास्तच. त्याची मुद्रेची अंगठी कुणी दस्तऐवजावरच्या लाल मेणावर दाबली, की जहागीर तिच्या भावाच्या घशात गेलीच म्हणून समजा! त्या सकाळी जाग आली तर बोट रिकामं. “चोर! धावा!” तो ओरडला. तेवढ्यात बायको डोर्टे बिअरमध्ये शिजवलेली पावाची वाफाळती पेज घेऊन आली. “अहो, केवढ्यानं ओरडता! बोटं वाळलीत तुमची, अंगठी गादीत सापडली. आतून लोकर गुंडाळलीय, आता नाही निसटायची.” अंगठी घट्ट बसली. एस्के ओशाळला. मग त्याला अंगठीवर कोरलेला लांडगा दिसला. आजारपणात त्यानं कशावरच मोहोर उमटवली नव्हती, तरी लांडग्याच्या जबड्यात ताजं लाल मेण होतं! त्यानं वाडगा तिच्याकडे सरकवला. “आधी तू चाख.” “अगबाई, गार झालीय ही,” म्हणत तिनं वाफाळता वाडगा उचलून परत नेला.