घाटावरचा आवाज

नवं विंडोज टाकायच्या आधी डिस्कची तब्येत बघून घेऊ, असं कॉम्प्युटर दुरुस्त करणारी हर्षदा सहज म्हणाली. शालूबाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याचा, कोंडाजीआबांचा हात धरला. दवाखान्यातही असंच सहज म्हटलं होतं, आणि मग आबांचं स्वरयंत्रच काढावं लागलं. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर दिवसभर माईक गाजवणारा माणूस. आता गळ्यातल्या भोकातून नुसती हवा येते. आवाज उरला होता तो या कॉम्प्युटरातल्या रेकॉर्डिंगांत.

कामशेतच्या हर्षदाच्या दुकानात पडद्यावर धोक्याचा पिवळा चौकोन उमटला. पेटीतून टक्, टक् ऐकू येऊ लागलं, भुंगा वासा पोखरतो तसं. हर्षदाचं हसू मावळलं.

"विंडोजचं राहू द्या. डिस्क चाललीय."

"चाललीय ना? मग बरं हाय की."

"तशी नाही मावशी. जायला निघालीय."

हे सगळं आणखी कुठं ठेवलंय का, तिनं विचारलं. एकदा ठेवलेलं परत दुसरीकडं ठेवायचं असतं, हेच शालूबाईंना ठाऊक नव्हतं.

"आधी कुठलं काढू? पुढचं हाती लागेल असं नाही."

"ह्यांच्या आवाजातली शर्यतीची फायनल काढ. समदा मावळ लोटलाता."

आबांनी नकारार्थी मान हलवली आणि बोट शालूबाईंकडं केलं. हर्षदाला काही कळेना. शालूबाईंना कळलं, आणि एवढ्या भीतीतही त्या लाजल्या.

"ती नगं. लय हसं झालतं माजं."

आबांचं बोट तसूभर हललं नाही. मग ते पडद्यावरच्या एका फाइलवर टेकलं, आणि हर्षदानं ती पेनड्राइव्हवर उतरवायला घेतली.

निळी पट्टी सरकली, अडकली. टक्, टक्. शालूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. पट्टी पुन्हा हलली, रेंगाळली, एकदाची भरली. हर्षदानं पेनड्राइव्ह ओढून काढला, दुसरा लावला आणि पुढच्या फाइलला हात घातला. टकटक थांबली. पडदा काळा झाला तो झालाच.

हर्षदानं पहिला पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. हलगी, शिट्ट्या, गलका, आणि त्या सगळ्यावरून कर्ण्यातून आबांचा खणखणीत सवाल:

"शालू, ए शालू, भाकरीचा डबा कुटं ठिवलास गं?"

भर घाटात बायकोचं नाव! त्यापाठोपाठ हजारभर माणसांचं हसू. त्या दिवशी शालूबाई पदराआड तोंड लपवून बसल्या होत्या, उत्तर दिलं नव्हतं.

आज त्या लॅपटॉपकडं वाकल्या.

"तुमच्याच खुर्चीखाली हाय, अवो."